कॉम्प्युटर चालू होत नाही? दुरुस्ती नंतर, आधी फाइल्स बाहेर काढा

विंडोज चालू होईना म्हणजे फाइल्स गेल्या, असं नसतं. बहुतेकदा बिघडलेलं असतं ते विंडोज. फोटो, कागदपत्रं डिस्कवर जागच्या जागी असतात. जातात ती घाईच्या दुरुस्तीत. म्हणून कॉपी हातात येईपर्यंत रीसेट नको, रीइन्स्टॉल नको आणि चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधनही नको. चेकडिस्क फाइल सिस्टीमचा (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदींचा) हिशेब जुळवते, आणि तो जुळवताना तुटक्या नोंदी बेधडक छाटते.

आधी कान लावा. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. आतलं हेड, म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणारा भाग, खराब झालेलं असू शकतं. दर वेळी चालू केलं की चकतीवर ओरखडे वाढण्याचा धोका. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरी लॅबकडेच न्यावी.

आवाज नसेल तर पुरेशी जागा असलेली एक्सटर्नल डिस्क घ्या. तिचा फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू द्या. फॅट32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, आणि हे नेमकं लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना कळतं.

काहीही डाउनलोड न करता होणारी युक्ती आधी करून पाहा. लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की सहसा विंडोजची रिकव्हरी स्क्रीन येते. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे इंग्रजीत नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा. नोटपॅडमध्ये फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर फक्त टेक्स्ट फाइल्स दिसतील. ही खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच! यूझर्समधल्या तुमच्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी. एक्सटर्नल डिस्कवर जाऊन पेस्ट. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी कदाचित डी म्हणून दिसेल. कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टी दिसेलच असं नाही. सगळं गोठल्यासारखं वाटलं तरी हात लावू नका, डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा.

रिकव्हरी स्क्रीनच येत नसेल तर लिनक्स, म्हणजे पेनड्राइव्हवरूनही चालणारी दुसरी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा मिंट या लिनक्सची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टीमची एकच फाइल) उतरवून रूफस या मोफत प्रोग्रामने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). मशीन कशावरून चालू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूची की मशीनप्रमाणे बदलते: एफ12, एफ9, एस्केप. पेनड्राइव्हवरून चालू झाल्यावर ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ चुकूनही नाही. विंडोज नीट बंद झालेलं नसेल, तर त्याचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) कधी फक्त वाचण्यापुरतं उघडतं. आपल्याला तेवढंच हवंय.

पार्टिशनने पासवर्ड मागितला तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. अनेक नव्या लॅपटॉपवर तो आपोआप चालू असतो. त्याची 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बऱ्याचदा साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून शोधा. की नसेल तर लॅबवालेही हात टेकतात.

मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडा. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, साडेतीन इंचीला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. डिस्क म्हणजे छोटं एम2 कार्ड असेल, तर त्याचं केसिंग घेताना कार्ड एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार) हे बघून घ्या. दिसायला सारखीच असतात.

कॉपी झाली की फाइल्सची संख्या आणि आकार मूळ फोल्डरशी जुळवा आणि पाच-सहा मोठ्या फाइल्स उघडून पाहा. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) फोल्डरमधल्या काही फाइल्स नावापुरत्याच डिस्कवर असतात, मजकूर क्लाउडवर. त्या इथे उघडणार नाहीत. ब्राउझरमधून उतरवून घ्या.