आकडे आणि नावं: दोन सर्व्हिस जोडताना

पुरवठादारांची बिलं वेब सर्व्हिसवरून (म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला नेटवरून माहिती द्यायची सोय) उचलून हिशेबाच्या सिस्टीमला पोचवायची, हे माझं रोजचं काम. काही पुरवठादार जर्मनीतले, बरेचसे सातारा-कऱ्हाडकडचे. टीममध्ये नवीन येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो: आकडा सजवायचा तो फक्त स्क्रीनवर. दोन सर्व्हिसच्या मधे त्याचं रूप एकच. स्वल्पविराम नाहीत, दशांशाला टिंब, अंक इंग्रजी. जेसनमध्ये, म्हणजे सर्व्हिस एकमेकींना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात, संख्येला दुसरं रूप चालतच नाही. पण लोक आकडा अवतरणात घालून मजकूर म्हणून पाठवतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

जर्मन बिलावरचं '1.234' म्हणजे बाराशे चौतीस. आपला कोड ते सव्वाच्या आसपास वाचतो आणि कुरकुरही करत नाही. आपलं '1,23,456' जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला (मजकुरातून संख्या काढणाऱ्या फंक्शनला) द्या, उत्तर 1 येतं, कारण पहिल्याच स्वल्पविरामाला ते थांबतं. एरर आली असती तर लगेच कळलं असतं. हे मात्र ताळेबंद जुळेना झाला की कळतं. म्हणून मजकुरातून संख्या अंदाजाने काढू नका. कुठल्या पुरवठादाराचं कुठलं स्वरूप ते कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहून ठेवा, आणि त्यात न बसणारी नोंद सरळ बाजूला काढा.

मराठीत जास्त जपावं लागतं. ब्राउझरच्या नंबरफॉरमॅटला, म्हणजे आकडा दाखवण्याजोगा करणाऱ्या सोयीला, मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की अंक देवनागरीत येतात. हिंदीला तसं होत नाही. वाचायला ते हवंच. पण तीच '५००' फॉर्ममधून परत आली, तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही आणि पायथनचं इंट (मजकुराची पूर्ण संख्या करणारं फंक्शन) ती बिनतक्रार घेतं. एका बाजूची टेस्ट पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. दाखवायचा मजकूर आणि मूळ किंमत वेगवेगळी ठेवा.

रकमेसोबत चलनाचा कोड हवाच. सुट्ट्या पैशांत आलेली रक्कम सगळीकडे शंभराने भागून चालत नाही: येनला दशांश नसतात, कुवेती दिनारला तीन असतात.

विनंती पाठवताना अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज हेडर (उत्तर कुठल्या भाषेत हवं ते सांगणारी ओळ) स्वतः भरा. आणि एररचा मजकूर वाचून निर्णय घेऊ नका, भाषा बदलली की तो बदलतो. एरर कोड बघा.

आता नावं. 'कऱ्हाड' तीन तऱ्हांनी साठवलेलं सापडतं: 'ऱ' हे एकच अक्षर, साध्या 'र'खाली नुक्ता (खालचं टिंब), किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं चिन्ह). स्क्रीनवर तिन्ही सारखी दिसतात, तुलनेत तिन्ही वेगळी, आणि एकाच गावाचे तीन ग्राहक तयार होतात. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर एका रूपात आणायची युनिकोडची पद्धत) पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. त्यासाठी 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते. ती फक्त शोधाच्या कीवर (शोधताना तुलना करायला ठेवलेल्या नावाच्या प्रतीवर) चालवा. ग्राहकाने आपलं नाव जसं दिलंय तसंच नोंदीत राहू द्या.