कर्क्युमिनचे पीएलजीए नॅनोकण बनवताय? या चुका टाळा

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पीएलजीएसारख्या विघटनशील पॉलिमरमध्ये बसवायचं. एम.फार्म.च्या कितीतरी प्रबंधांचा हा विषय. त्यात ‘एन्ट्रॅपमेंट ९८ टक्के’ (म्हणजे घातलेल्या औषधापैकी ९८ टक्के कणांत अडकलं) दिसलं की मी आधी एकच विचारते: न अडकलेलं औषध वेगळं कसं केलंस?

पॉलिमर आणि कर्क्युमिनचं अॅसिटोनमधलं द्रावण पीव्हीएच्या (कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या) पाण्यात सोडलं की पॉलिमरचे कण तयार होतात, पण त्याच वेळी बाहेर राहिलेलं कर्क्युमिनही स्फटिक होऊन पडतं. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवला की दोन्ही तळाशी बसतात. वरच्या पाण्यात औषध सापडत नाही आणि ‘घातलेलं वजा पाण्यातलं’ ही वजाबाकी खोटं बोलते. म्हणून आधी कमी वेगाने फिरवून जड स्फटिक काढून टाका. मग कण गोळा करा, धुवा, विरघळवा आणि आतलं औषध थेट मोजा. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. पिवळे स्फटिक दिसले तर तो आकडा प्रबंधात घालू नका. पुढची मुलं त्याच आकड्यावर काम रचतात.

दुसरी चूक रिलीजच्या, म्हणजे कणांतून औषध किती वेगाने बाहेर येतं हे बघायच्या प्रयोगात होते. नुसत्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये कर्क्युमिन विरघळायला जागाच नसते. ते कण ठेवलेल्या डायलिसिस पिशवीतच (बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत) अडकून राहतं आणि आपण त्याला ‘सस्टेन्ड रिलीज’ (औषध हळूहळू सुटणं) म्हणतो! बफरमध्ये ट्वीन ८० (औषध विरघळायला मदत करणारा, साबणासारखा पदार्थ) घाला. सगळं औषध विरघळायला जेवढं माध्यम लागेल, त्याच्या किमान तिप्पट घ्या. शेजारी दुसऱ्या डायलिसिस पिशवीत साधं कर्क्युमिनही लावा. तेही तितक्याच संथ बाहेर येत असेल, तर वेग कणांचा नाही, पिशवीचा आहे.

शिवाय या पीएचला, ३७ अंशांवर, प्रथिनं नसलेल्या बफरमध्ये कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात नष्ट होतो. बाहेर आलेलं औषध मोजायच्या आधीच संपतं. अॅस्कॉर्बिक अॅसिडने ही झीज बरीच थांबते. तरी निवडलेल्या माध्यमात ते किती तास टिकतं, हे आधी तपासून घ्या.

पीव्हीए गरम पाण्यात एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. थंड पाण्यात भुरभुरवून ढवळा, मग तापवा. कण ओव्हनमध्ये वाळवू नका. पीएलजीए ४५ ते ५५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, ओलं असेल तर त्याआधीच, आणि कण एकमेकांना चिकटतात. ट्रेहॅलोज ही साखर घालून फ्रीज ड्राय करा (गोठवून वाळवा). फ्रीझरमधली पीएलजीएची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आत दव धरलं की पॉलिमरचं विघटन बाटलीतच सुरू होतं.