अ‍ॅव्हरेजसाठी ट्यूनिंग: गाडी पुण्याला न्यायच्या आधी

टर्बो गाडीला इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा), एक्झॉस्ट, मोठा फिल्टर बसवला आणि अ‍ॅव्हरेज पडलं, की सगळे आधी मॅपच्या, म्हणजे ईसीयूतल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या) पेट्रोल-टायमिंगच्या सेटिंगच्या मागे लागतात आणि गाडी पुण्याच्या ट्यूनरकडे नेतात. माझ्या अनुभवानं बरंचसं पेट्रोल त्याआधी, इथं सोलापुरातच वाचवता येतं.

आधी आजचं खरं अ‍ॅव्हरेज काढा, डिस्प्लेवर विसंबू नका. पहाटे गार टायरमध्ये हवा भरा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून मोहोळमार्गे टेंभुर्णीला जाऊन या आणि त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. टायरचा साइज बदलला असेल तर किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसवर मोजा. घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात धरून बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय.

मग लीक. माझ्या गाडीत इंटरकूलरच्या सिलिकॉन होजचा क्लॅम्प ढिला होता. एअरफ्लो सेन्सर हवा मोजायचा, ईसीयू तेवढं पेट्रोल द्यायचा, आणि बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरत असताना) हवा जॉइंटमधून निसटायची. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं की काळीभोर काजळी यायची. पाइपमध्ये थोडी हवा भरून जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं आणि बारीक बुडबुडे फुटताना दिसले. हे न करता मॅप मारला असता तर ट्यूनरनं चुकीच्या आकड्यांवर काम केलं असतं.

प्लग, थर्मोस्टॅट, ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. इंजिन नीट तापलंच नाही तर मिश्रण घट्टच (पेट्रोल जास्त) राहतं. तेल लावलेला फिल्टर असेल तर एअरफ्लो सेन्सर साफ करा.

ट्यूनरला द्यायचा लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) मात्र दुपारचाच घ्या. पुण्याच्या गारव्यात बसवलेलं टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) देऊ शकतं. होटगी रोडच्या ट्रॅफिकमधला आणि हायवेवर एकसारख्या ८०-९० च्या वेगातला, असे दोन्ही लॉग द्या. इन्टेकचं तापमान, फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती), बूस्ट, टायमिंग एवढं त्यात हवंच. इंजेक्टर किती सीसीचे, टर्बो कोणता, एअरफ्लो सेन्सरचा पाइप किती मिलिमीटर, हेही लिहून न्या. पेट्रोल नेहमीचंच भरा आणि ते ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे हे सांगा. शुद्ध पेट्रोलचं १४.७ (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) हे प्रमाण इथेनॉलला लागू होत नाही, म्हणून आकडे लॅम्डात मागा (कोणतंही इंधन असो, १ म्हणजे त्याला नेमकी पुरेल एवढी हवा).

एक कळकळीची विनंती. बूस्टमधलं पेट्रोल कापायला सांगू नका. ते पेट्रोल इंजिन थंड ठेवतं, तिथं काटकसर केली की पिस्टन जातो. बचत मागायची ती हायवेच्या एकसारख्या वेगातली.

ईसीयूची मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. पीयूसी चालू ठेवा, बदल विमा कंपनीला कळवा.

परत आल्यावर पहिल्या टाकीवर निकाल लावू नका. ईसीयूला ट्रिम शिकू द्या, मग त्याच पंपावरून त्याच रस्त्यानं पुन्हा मोजा.