दीवला धावायचं तर आधी ओहोटी बघा

बडोद्याच्या कमाटीबागेत त्याच त्या फेऱ्या मारून कंटाळलेली आमच्या दांडियाबाजारातली धावणारी मंडळी हिवाळ्यात रात्रीच्या बसने दीव गाठतात. निघताना हमखास प्रश्न येतो, "काकू, किती किलोमीटर धावू?" किलोमीटर नंतर ठरवा, आधी ओहोटीची वेळ बघा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी साडेसहाला असेल, तर रविवारी सव्वासातच्या पुढे.

रस्त्याने धावणाऱ्यांचं काही अडत नाही. पण वाळूत उतरायचं तर ओहोटीलाच. तेव्हा ओली, दाबून बसलेली वाळू मिळते. भरतीला वरच्या भुसभुशीत पट्ट्यात पोटऱ्या भरून येतात. फोन बघायचा नसेल तर फुदम गावातल्या गंगेश्वराच्या देवळात डोकवा. समुद्राला लागून कपारीत पाच पिंडी आहेत. वाहिलेलं फूल पुढच्याच लाटेबरोबर जात असेल, तर वाळू विसरा आणि रस्ता धरा.

पहिल्या सकाळी पाय मोकळे करायला किल्ल्याकडून दक्षिण किनाऱ्याने जालंधर, पुढे चक्रतीर्थ. तिथे आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ ला ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. इथे घड्याळ थांबवून दोन मिनिटं उभं राहावं, वेळेचं काय एवढं!

दुसऱ्या दिवशी नागवा. गावातून फुदममार्गे पश्चिमेला सातएक किलोमीटर. जाताना सूर्य पाठीशी, येताना थेट डोळ्यांत, म्हणून टोपी हवीच. नाहीतर परतीला रिक्षा करा, त्यात कसला कमीपणा? वाटेत होका दिसतील: जात ताडाची, पण खोडाला फाटे फुटलेले. बडोद्याची कोरडी थंडी इथे नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे सुरुवात नेहमीपेक्षा हळू करा आणि पाण्यात चिमूटभर मीठ-साखर टाका.

माझा आवडता किनारा मात्र पुलापलीकडचा घोघला. २०२० साली त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. लांबलचक आणि मोकळा. वाळू समुद्राकडे उतरती असते, एकाच दिशेने धावत राहिलात तर एका बाजूचा गुडघा कुरकुरायला लागतो. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यातून परत या. अनवाणी धावायची हौस रविवारी सकाळी नको. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही; शनिवारची रात्र कुठल्याही किनाऱ्यावर काचा ठेवून जाऊ शकते.

खाऱ्या पाण्यात भिजलेले बूट गोड्या पाण्याने धुवा, आतला सुटा सोल काढून सावलीत ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ओलेच पिशवीत भरून परतीच्या बसमध्ये आणू नका. शेजारच्या सीटवर बहुतेक मीच असते.