एलजीए ७७५ प्रोसेसरच्या झाकणावरची ओळ कशी वाचायची

एलजीए ७७५ हे इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरची ओळ हीटसिंकखाली, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली, झाकलेली असते. हीटसिंक काढण्याआधी संगणक दहा मिनिटं चालू ठेवा. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट मऊ होते आणि हीटसिंक सहज सुटतं. मग संगणक बंद करून प्लग काढा. झाकणावरची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा, पण प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. त्या केसासारख्या बारीक असतात आणि एखादी वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो.

कोअर २ ड्युओ ई८४०० वर अशी ओळ दिसेल: ३.००जीएचझेड/६एम/१३३३/०६. वरच्या ओळीत मॉडेल क्रमांकाशेजारी एसएलबी९जे असा पाच अक्षरी कोड असतो. दोन्ही ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पहिला आकडा गिगाहर्ट्झचा. लोक एवढाच बघतात आणि फसतात. पेंटियम ४ ६३० सुद्धा ३.०० चाच आणि याच सॉकेटचा, पण त्यात एकच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग), वीज ८४ वॅट आणि काम ई८४०० पेक्षा कितीतरी कमी. त्याची पाइपलाइन, म्हणजे एक सूचना (प्रोग्रामचा एक आदेश) पूर्ण व्हायला लागणाऱ्या टप्प्यांची साखळी, ३१ टप्प्यांची, कोअर २ ची १४ टप्प्यांची. पुढची सूचना कोणती येणार हा अंदाज चुकला, की लांब पाइपलाइनमधलं जास्त काम वाया जातं. म्हणून गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीत करावी.

६एम म्हणजे एल२ कॅश, प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ६ एमबी, दोन्ही कोअरना सामायिक. चार कोअरच्या क्यू६६०० वर ८एम असतं, पण ते ४ एमबीचे दोन वेगळे भाग आहेत, कोअरच्या प्रत्येक जोडीला एक.

१३३३ हा फ्रंट साइड बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या मार्गाचा आकडा. खरं घड्याळ ३३३ मेगाहर्ट्झचं, एका ठोक्यात चार वेळा माहिती जाते. ३३३ ला ९ च्या गुणकाने गुणलं की ३.०० गिगाहर्ट्झ. सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये संगणक रिकामा असताना २.० गिगाहर्ट्झ दिसलं तर प्रोसेसर खराब नाही. वीज वाचवायला गुणक ६ वर उतरतो. एखादं जड काम लावून पुन्हा बघा.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही. बोर्डाची बस १०६६ पर्यंतच असेल, तर १३३३ चा प्रोसेसर एक तर सुरूच होत नाही, किंवा २६६ गुणिले ९, म्हणजे २.४० वर चालतो. ९४५ चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिप) सुरुवातीच्या अनेक बोर्डांवर कोअर २ चालतच नाही, कारण त्यांचा व्होल्टेज पुरवठा त्याला जुळत नाही. ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरला (ई८४०० त्यातलाच) बोर्डाचा बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, हाही पुरेसा नवा लागतो. तो जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच अपडेट करावा, नंतर स्क्रीनच येणार नाही. बोर्डनिर्मात्याच्या प्रोसेसर यादीत मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दोन्ही तपासा.

शेवटचा ०५ए, ०५बी किंवा ०६ हा कोड बोर्डाने आणि हीटसिंकने किती वीज-उष्णता पेलायची ते सांगतो. ई८४०० चा ०६ म्हणजे ६५ वॅट. क्यू६६०० चे दोन प्रकार आहेत: एसएल९यूएम १०५ वॅटचा आणि एसएलएसीआर ९५ वॅटचा. जुना घेताना ९५ वॅटचाच मागा.

पाच अक्षरी कोडचं महत्त्व इथे कळतं. ई७५०० एसएलबी९झेड मध्ये व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवायची सोय) नाही, ई७५०० एसएलजीटीई मध्ये आहे. मॉडेल मात्र एकच. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा चालवून फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत, व्हीएमएक्स शोधा; ते व्हर्च्युअलायझेशनचं नाव. एलएम दिसलं तर प्रोसेसर ६४ बिटी. व्हीएमएक्स नसेल, तर आधी बायोसमध्ये ते बंद ठेवलंय का ते बघा.

रॅमचा प्रकार मात्र या ओळीत शोधू नका. कोअर २ मध्ये रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे डीडीआर२ की डीडीआर३ हे बोर्ड ठरवतो. जी३१ चिपसेटची मर्यादा ४ जीबी आहे, तिथे प्रोसेसर बदलून ती वाढत नाही.

आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकायचा विचार असेल तर तो सोडा. तिला एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात, आणि कोअर २ च्या एकाही प्रोसेसरमध्ये त्या नाहीत.