नवीन सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून प्रेशरने हवा देणारं) आलंय? आधी हे करा
जुनं मशीन परत द्यायच्या आधी त्याच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, कारण नवीन मशीनवर श्वास वेगळा वाटला तर कधीकधी प्रेशर तेच असतं पण रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू वाढवणारं सेटिंग) किंवा श्वास सोडताना प्रेशर कमी करणारं सेटिंग बदललेलं असतं. सुरुवातीला दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसा, खरंच फरक पडतो. पट्टे मात्र आडवं झाल्यावर, मशीन चालू असतानाच ॲडजस्ट करा, आणि डोळ्याकडे हवा येतेय म्हणून लगेच आवळू नका, मास्क जरा पुढे ओढून परत टेकवा म्हणजे कुशन नीट बसतं. नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिटी थोडी वाढवा, नळीत पाणी साचलं तर कमी करा. प्रेशर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका, आणि एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) ५ च्या वरच राहत असेल तर रिपोर्ट दाखवाच.