शून्य कुठंय ते आधी बघा, फॉर्म्युला नंतर

बारावीला फिजिक्सला बरे मार्क पडले म्हणून हौसेनं बीएस्सीला तोच विषय घेतला, नांदेडला रूम केली, आणि पहिल्याच असाइनमेंटमधे वीस गणितांपैकी बरोबर आली सहा. चॅप्टर दोनच, ऑसिलेशन (म्हणजे हेलकावे) आणि गॅसेस. फॉर्म्युले सगळे तोंडपाठ होते, तेच तर दुखणं होतं. तीन आठवडे स्वतःला ढ समजून फिरलो, मेसवर पण कोणासोबत बसायचो नाही. आता जे फर्स्ट इयरला आलेत त्यांच्यासाठी हे लिहायलो.

किरकोळ आधी उरकतो. कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर ठेवा. लिटरचं घनमीटर करा. मोलर मास, म्हणजे एका मोलचं वस्तुमान, किलोत घ्या. मी ऑक्सिजनचं ०.०३२ च्या जागी ३२ टाकलं आणि २७ अंशाला रेणूंचा आरएमएस वेग (एक प्रकारची सरासरीच) ४८४ मीटर पर सेकंद यायच्या ऐवजी १५ आला, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, आपल्या एसटीचा स्पीड! तरी काही खटकलं नाही, उत्तराखाली दोन रेषा मारून मोकळा.

पण मला खरं मारलं ते शून्यानं.

गणित असं होतं, टायरमधे गेजवर, म्हणजे हवेच्या मीटरवर, ३० पीएसआय (प्रेशरचं एकक), तापमान २७ अंश. उन्हात पळून टायर ५७ अंशाला गेलं, आकारमान तेवढंच, तर गेज किती दाखवेल? मी सरळ ३० गुणिले ५७ भागिले २७ केलं, उत्तर ६३. असं खरंच होत असतं तर मे महिन्यात परभणी-नांदेड रोडवर रोज फटाके वाजले असते. मग मित्र म्हणला, केल्विन कर की बे, म्हणजे सेल्सियसमधे २७३ मिळव. क्लासला पण तेच शिकवलेलं, २७ दिसलं की ३०० लिहा, का लिहायचं ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं पण नाही. केलं, ३३ आलं. तेही चूक.

आमच्या रूमवर एक सिनियर होता, तो उत्तर कधीच सांगायचा नाही, फक्त "शून्य कुठं धरलंस?" विचारायचा आणि गप भाकरी खात बसायचा. तवा लई राग यायचा. आता वाटतं सिनियर असावा तर असा, सोडवलेल्या वह्यांचे झेरॉक्स वाटणारे नकोत. आणि एआयला फोटो टाकून उत्तर उतरवायचं असेल तर सरळ विषय बदला, वर्ष वाया घालू नका.

सुटलं कुठं तर पंक्चरच्या दुकानात. चाक पार बसलेलं, पोरानं सवयीनं मीटर लावलं, काटा शून्यावर. मी बघतच राहिलो. आत काहीच नाही का मग? आहे की, बाहेर आहे तीच हवा, साधारण १४.७ पीएसआयची. मीटर फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त किती तेवढंच सांगतं. म्हणजे त्याचं शून्य आपल्या सोयीचं. सेल्सियसचं पण तसंच, बर्फ वितळतं तिथं शून्य मांडलेलं, खरं शून्य त्याच्या २७३ अंश खाली. गुणोत्तर लावायचं तर प्रेशर आणि तापमान दोन्ही खऱ्या शून्यापासून मोजलेलं पाहिजे. ३० अधिक १४.७ म्हणजे ४४.७, गुणिले ३३० भागिले ३००, आलं ४९.२. गेजचं विचारलंय म्हणून परत १४.७ वजा, ३४.५. हे परत वजा करायचं मी पहिल्यांदा विसरलोच. आणि तापमान ३० अंशानं वाढलं असं दिलं असेल तर त्या ३० मधे २७३ मिळवू नका, फरक दोन्हीकडं सारखाच असतो.

ऑसिलेशनमधे हेच उलटं होऊन चावतं. स्प्रिंगला वजन टांगलं, ५ सेंटिमीटर खाली येऊन थांबलं, मग अजून ३ ओढून सोडलं. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती हलतं? मी ८ लिहिलं, कारण मोजलं न ताणलेल्या टोकापासून. वजन हलतं ते थांबलेल्या जागेच्या वर-खाली, शून्य तिथं, म्हणून ३. ओमेगा (हेलकाव्याची कोनीय वारंवारता) म्हणजे ९.८ भागिले ०.०५ चं वर्गमूळ, बरोबर १४, त्याला ॲम्प्लिट्यूड ०.०३ मीटरनं गुणलं की जास्तीत जास्त वेग ०.४२ मीटर पर सेकंद. माझा १.१२ आला होता. वस्तुमान दिलेलं नाही म्हणून बरेच जण गणितच सोडतात, ते इथं लागतच नाही. पण न ताणलेल्या स्प्रिंगला वजन अडकवून तसाच हात सोडला तर मात्र ॲम्प्लिट्यूड ५.

वीसमधे सहा आली म्हणजे तुम्ही ढ नाही, खरंच नाही, चुकलेली चौदा काढा, निम्म्यात तरी एकच चूक सापडेल. माझ्या नऊमधे सापडली.

सेमिस्टरला निघालो पास. तरी परवा ॲडियाबॅटिकच्या (उष्णता आत-बाहेर न जाता गॅस दबतो-फुगतो त्या) गणितात परत गेजचंच प्रेशर टाकून पाऊण तास बसलो, उत्तर जुळंना. तो सिनियर आता लातूरला असतो, त्याला फोन केला तर हसायलाच लागला.